कॉम्प्युटर नक्की कुठे अडला?

गटाचं दप्तर कॉम्प्युटरवर कसं ठेवायचं, हे आपण मागच्या भागात बोललो. त्यानंतर बऱ्याच जणींचे फोन आले. बहुतेकींचा सूर एकच, "ताई, दप्तराचं नंतर बघू, आमचा कॉम्प्युटर सुरूच होत नाहीये." म्हणून आज तेवढंच बोलू. कॉम्प्युटर सुरू होत नाही, किंवा त्यात लिनक्स टाकायला घेतलं आणि मध्येच अडलं, तर काय बघायचं.

ज्यांना लिनक्स हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कॉम्प्युटर चालवायला विंडोज लागतं हे आपल्याला माहीत असतं. तसंच काम करणारं, पण फुकट आणि कुणीही वापरावं असं, म्हणजे लिनक्स. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोर्व्हाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्यानं त्याची सुरुवात केली. आपल्या हातातला अँड्रॉइड फोनसुद्धा आतून लिनक्सवरच चालतो, त्यामुळे अगदीच परकं काही नाही. आमच्या ग्रामसंघाचा डेस्कटॉप जुना, तालुक्याहून सेकंडहँड घेतलेला. विंडोज १० त्यावर रांगत चालायचं. १४ ऑक्टोबर २०२५ नंतर विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट थांबले, आणि विंडोज ११ आमच्या मशीनवर चढत नव्हतं. दुकानदार म्हणाला, नवा घ्या. तेवढे पैसे संघाकडे नव्हते, म्हणून आम्ही लिनक्स मिंट टाकलं. मशीन चांगलं चालायला लागलं.

मग वर्षअखेरीच्या धामधुमीत एका संध्याकाळी काम चालू असताना लाईट गेली. दुसऱ्या दिवशी बटण दाबलं तर काळा पडदा, त्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं आणि खाली एक लुकलुकणारी रेघ. गटांच्या कर्जाची प्रकरणं बँकेत द्यायची होती. चौदा गटांचा एकत्र ताळा त्या मशीनमध्ये होता. कागदी वही आठ महिने मागे पडलेली. ती चूक आमचीच, दुसऱ्या कुणाची नाही.

दुरुस्तीला आलेल्या मुलानं पडद्याकडे एक नजर टाकली आणि म्हणाला, "फॉरमॅट मारावं लागेल. आतलं सगळं जाईल." आम्ही हो म्हणणारच होतो. तेवढ्यात आमच्यातल्या सगळ्यात थोरल्या मावशी, ज्यांनी आयुष्यात माऊसला हात लावलेला नाही, त्या म्हणाल्या, "म्हशीला ताप आला तर म्हैस विकायची का? आधी दुखतंय कुठं ते तरी बघा." त्या मुलाला चहा देऊन परत पाठवलं. पुढचे दोन दिवस आम्ही तिघी त्या मशीनपुढे बसलो. तेव्हा जे कळलं ते सांगतो.

पहाटे घर कसं उठतं ते आठवा. सगळं घर एकदम उठत नाही. आधी घरातली एक बाई उठते. पाणी आहे का, गॅस आहे का, गोठ्यात सगळं ठीक आहे का, हे बघते. मग ती दुसऱ्याला उठवते, तो तिसऱ्याला. सात वाजले तरी घर सामसूम असेल तर आपण विचारतो, कोण उठलं नाही? कॉम्प्युटरचंही तसंच. बटण दाबलं की आधी वीज सगळीकडे पोचते. मग मदरबोर्डवरचा एक छोटा प्रोग्राम जागा होतो. जुन्या मशीनमध्ये त्याला बायोस म्हणतात, नव्यात यूईएफआय. तो रॅम, कीबोर्ड, डिस्क आहे का ते तपासतो आणि कुठल्या डिस्कवरून सुरू करायचं ते ठरवतो. त्या डिस्कवर ग्रब नावाचा प्रोग्राम असतो, तो लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल उठवतो. कर्नल डिस्क उघडतो, बाकीची कामं सुरू करतो, आणि शेवटी आपल्यापुढे पासवर्ड विचारणारा पडदा येतो.

त्यामुळे "कॉम्प्युटर बंद पडला" एवढ्यावर काही कळत नाही. यातल्या कुठल्या पायरीवर थांबला ते बघायचं. पडद्यावर काही अक्षरं असतील तर पहिलं काम, मोबाईलनं त्याचा फोटो काढा. इंग्रजी समजत नसलं तरी काढा. घाबरून पुन्हा पुन्हा बटण दाबत बसलो की ती अक्षरं निघून जातात, आणि नेमकं दुखणं त्यातच लिहिलेलं असतं.

आमच्या फोटोत 'इनिटरॅमएफएस' असा शब्द होता आणि त्याच्या वर एक ओळ होती. तिचा अर्थ, डिस्कवरची मांडणी बिघडली आहे, हातानं तपासणी करा. म्हणजे वीज ठीक, बायोस ठीक, ग्रब ठीक, कर्नलही उठलेला. फक्त डिस्क उघडताना तो अडला होता. लाईट अचानक गेली की असं होतं. लिहिता लिहिता पेन हातातून ओढून घेतल्यासारखं. वही फाटलेली नसते, शेवटची ओळ अर्धी राहिलेली असते.

तरीही दुरुस्तीच्या आधी आतला हिशोब बाहेर काढायचा. ही गोष्ट आम्ही हट्टानं सांगतो. तपासणी करताना डिस्कच खराब निघाली तर आणखी बिघडू शकतं. त्यासाठी लागतो लिनक्सचा पेन ड्राइव्ह. आम्ही मिंट ज्याच्यावरून टाकलं होतं तो आमच्याकडे होता, हे नशीब. या पेन ड्राइव्हवरून कॉम्प्युटर सुरू केला की आतल्या डिस्कला हात न लावता अख्खं लिनक्स पडद्यावर येतं. याला लाइव्ह म्हणतात. पाहुण्याच्या घरी राहून आपल्या घराची दुरुस्ती करावी तसं.

पेन ड्राइव्ह लावायचा, मशीन सुरू करायचं आणि लगेच बूट मेनूची कळ टिपटिप दाबत राहायची. डेल आणि लेनोवोच्या बऱ्याच मशीनवर ती एफ १२ असते, एचपीवर एफ ९ किंवा एस्केप. मशीन जोडून घेतलेलं असेल तर मदरबोर्ड कुणाचा ते बघा. गिगाबाइटवर एफ १२, एमएसआयवर एफ ११, असुसवर एफ ८. यादीत पेन ड्राइव्हचं नाव दिसलं की ते निवडायचं.

लाइव्ह पडदा आल्यावर फाइल्सची खिडकी उघडली. डाव्या बाजूला आतली डिस्क दिसत होती. त्यात होम नावाचं फोल्डर, त्यात आपल्या नावाचं, त्यात डॉक्युमेंट्स. आमच्या फोल्डरवर कुलपाचं चिन्ह आलं आणि आत जाऊ देईना. तेव्हा उजवी क्लिक करून 'ओपन अॅज रूट' निवडलं आणि फोल्डर उघडलं. चौदा गटांच्या फाइली जागच्या जागी. दुसऱ्या पेन ड्राइव्हवर सगळ्या उतरवून घेतल्या. सचिव ताईंनी तो पेन ड्राइव्ह तिथल्या तिथे पदराच्या गाठीत बांधला. आम्ही हसलो, पण त्या दिवशी त्याच्याहून सुरक्षित जागा नव्हती.

(लिनक्स टाकताना डिस्क एन्क्रिप्ट करण्याच्या चौकटीत टिक केली असेल, तर हे असं सोपं नाही. त्याचा पासवर्ड लागतोच. तो हरवला तर आतलं मिळत नाही. टिक केली असेल तर पासवर्ड संघाच्या कपाटात बंद पाकिटात ठेवा.)

मग दुरुस्ती. पेन ड्राइव्ह काढून मशीन पुन्हा सुरू केलं, तोच काळा पडदा आला. त्या ओळीत डिस्कच्या भागाचं नाव असतं, आमचं होतं डेव्ह एसडीए २. लुकलुकणाऱ्या रेघेपुढे टाईप केलं: एफ-एस-सी-के, मोकळी जागा, आडवी छोटी रेघ आणि वाय, मोकळी जागा, तिरकी रेघ, डी-ई-व्ही, तिरकी रेघ, एस-डी-ए-२. सगळी इंग्रजी छोटी अक्षरं. तुमच्या पडद्यावर नाव वेगळं असेल तर तेच लिहायचं, आमचं नाही. एंटर दाबल्यावर भराभर ओळी धावल्या. थांबल्यावर ई-एक्स-आय-टी लिहून एंटर. आणि मिंटचा हिरवा शिक्का पडद्यावर आला! मावशींना फोन केला. त्या म्हणाल्या, "बघा, नुसता ताप होता."

एक गोष्ट ध्यानात ठेवा. हा पडदा एकदा लाईट गेल्यावर आला तर समजू शकतं. लाईट न जाताही दर आठवड्याला यायला लागला तर डिस्क म्हातारी झाली असं धरा आणि बदला. जुन्या मशीनला जुन्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसवली की तेच मशीन निम्म्या वयाचं वाटतं, हा आमचा अनुभव आहे.

आता बाकीच्या पायऱ्या. तुमचं दुखणं आमच्याहून वेगळंही असेल.

बटण दाबलं आणि पंखासुद्धा फिरला नाही, तर लिनक्सचा काही संबंध नाही. बोर्डातला पॉईंट दुसरं काही लावून बघा, मागची वायर घट्ट बसवा, डब्याच्या मागे छोटा स्विच असतो तो चालू आहे का बघा. उंदरानं वायर कुरतडली नाही ना, तेही बघा. हसू नका, आमच्याकडे झालंय.

पंखा फिरतो पण पडदा काळाच, कधी कधी टूं टूं आवाज येतो. बहुधा रॅम हललेली असते किंवा धूळ बसलेली असते. आधी प्लग काढा. नुसता स्विच बंद करून चालणार नाही. बटण चार-पाच सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेली वीज जाईल. हातानं लोखंडी डब्याला स्पर्श करा, मग बाजूचं झाकण काढा. रॅमची पट्टी दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या उघडून वर काढा, खालचे सोनेरी दात साध्या खोडरबरानं हलके पुसा, चुरा झटका आणि खिट्ट्या खटकन लागेपर्यंत परत बसवा. आमच्या प्रभागातली दोन मशीन एवढ्यानंच सुरू झाली. पॉवर सप्लायचा डबा मात्र कधीही उघडू नका, प्लग काढल्यावरही त्यात वीज साठून राहते.

रोज तारीख मागे जाते, सुरू होताना एफ १ दाबायला सांगतं? मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखा सेल असतो, सीआर २०३२. घड्याळाच्या दुकानात मिळतो. तो संपला की बायोस आपल्या सेटिंग विसरतो. मग काही मशीन डिस्क असूनही 'बूट करायला काही सापडलं नाही' म्हणतात. तारीख चुकली की इंटरनेटवरच्या बँकेच्या, सरकारी साइटही उघडत नाहीत, आणि आपण नेटवाल्याला बोल लावतो.

'नो बूटेबल डिव्हाइस' असं आलं तर आधी सगळे पेन ड्राइव्ह काढून बघा. कुणाचा तरी गाण्यांचा पेन ड्राइव्ह मागे लावलेला असतो आणि मशीन त्याच्यातच लिनक्स शोधत बसतं. मग बायोसमध्ये जा, एफ २, एफ १० किंवा डिलीट कळीनं. तिथे डिस्कचं नावच दिसत नसेल तर डिस्कची वायर ढिली असू शकते. नाव दिसतंय पण सुरू होत नाही, तर बूटची पद्धत बदलली असेल. लिगसी आणि यूईएफआय अशा दोन पद्धती असतात. लिनक्स ज्या पद्धतीत टाकलं त्याच पद्धतीत ते सुरू होतं. विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवलं असेल तर विंडोजच्या अपडेटनंतर कधी कधी विंडोज पुढे सरकतं. तेव्हा बायोसच्या यादीत 'उबुंटू' हे नाव वर आणा. मिंट टाकलेलं असलं तरी यादीत नाव उबुंटूच दिसतं, कारण मिंट त्याच्यावरच उभं आहे. आम्ही यात अर्धा दिवस घालवला, 'मिंट' शोधत.

'ग्रब रेस्क्यू' असे शब्द आले तर कर्नलला उठवणारा हरवला आहे. मिंटच्या लाइव्ह पेन ड्राइव्हवर मेनूमध्ये 'बूट रिपेअर' आहे. ते उघडायचं, 'रेकमेंडेड रिपेअर' दाबायचं आणि थांबायचं. इंटरनेट जोडलेलं असलेलं बरं.

अपडेटनंतर पडदा काळा झाला तर सुरू होताना शिफ्ट दाबून धरा. नव्या यूईएफआय मशीनवर एस्केप टिपटिप करा. ग्रबची यादी येईल. त्यात 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' मध्ये जुना कर्नल ठेवलेला असतो, तो निवडा. नवा कर्नल तुमच्या मशीनला मानवला नाही एवढंच. त्याच यादीत 'रिकव्हरी मोड' असतो. अपडेट चालू असताना लाईट गेली असेल तर त्यातलं 'डीपीकेजी' निवडा, अर्धवट राहिलेलं पूर्ण होतं. पासवर्ड बरोबर टाकूनही पुन्हा पासवर्डच विचारत असेल तर पुष्कळदा डिस्क गच्च भरलेली असते. तेव्हा 'क्लीन' निवडा, आणि नंतर लग्नाचे व्हिडिओ दुसरीकडे हलवा. गटाच्या कॉम्प्युटरवर लग्नाचे व्हिडिओ कसे येतात हे विचारू नका.

आता ज्यांना नव्यानं लिनक्स टाकायचं आहे त्यांच्यासाठी. मिंटला निदान २ जीबी रॅम आणि २० जीबी डिस्क लागते, पण ४ जीबी रॅम असेल तरच सुखानं चालतं. मशीन ६४ बिटचं हवं. जुन्या मशीनला मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घ्या, ती हलकी आहे.

अडतं ते बहुतेक पेन ड्राइव्हपाशी. डाउनलोड केलेली फाइल जवळपास तीन जीबीची असते. ती नुसती पेन ड्राइव्हवर कॉपी करून भागत नाही. इचर किंवा रुफस अशा प्रोग्रामनं ती पेन ड्राइव्हवर लिहावी लागते. पेन ड्राइव्ह ८ जीबीचा घ्या, त्यातलं आधीचं सगळं पुसलं जातं. गावातल्या नेटवर डाउनलोड मध्येच तुटतं, फाइल अपुरी राहते, आणि मग लिनक्स टाकताना निम्म्यात कुठेतरी अडतं. आपण मशीनला दोष देतो. म्हणून साइटवर दिलेला तपासणीचा आकडा आपल्या फाइलशी जुळवून बघा. जुळला नाही तर फाइल पुन्हा उतरवा. पुढचा यूएसबी पॉईंट ढिला असतो, मागचा वापरा.

पेन ड्राइव्हवरून सुरू करतानाच पडदा काळा झाला तर मिंटच्या पहिल्या यादीत 'कम्पॅटिबिलिटी मोड' आहे, तो निवडा. पडदा दाखवणाऱ्या कार्डाशी लिनक्सचं जमत नसेल तर त्यानं काम भागतं. पेन ड्राइव्हवरून सुरू व्हायलाच मशीन नकार देत असेल तर बायोसमध्ये 'सिक्युअर बूट' बंद करून बघा. लिनक्स टाकायच्या यादीत डिस्कच दिसत नसेल तर बायोसमध्ये डिस्कची पद्धत 'रेड' आहे का बघा, ती 'एएचसीआय' लागते. पण विंडोज ठेवायचं असेल तर ती तडकाफडकी बदलू नका, विंडोज उठायचं बंद होईल.

लाइव्ह पडद्यावर आधी दोन दिवस काम करून बघा. वायफाय लागतं का, आवाज येतो का, प्रिंटर छापतो का, मराठी टाईप होतं का. मगच 'इन्स्टॉल' करा. त्यात एक पान येतं, 'इरेज डिस्क' नावाचं. हे निवडलं की डिस्कवरचं सगळं जातं. फोटो, विंडोज, हिशोब, सगळं. त्या पानावर आल्यावर आम्ही हात मांडीवर ठेवून एकमेकींना मोठ्यानं विचारतो, "सगळं उतरवून घेतलंय ना? दुसऱ्या मशीनवर उघडून बघितलंय ना?" दोघींनी हो म्हटल्यावर तिसरी बटण दाबते.

टाकून झाल्यावर काही मशीनवर पुन्हा सुरू होताना निळा पडदा येतो. तो बिघाड नाही. वायफाय वगैरेसाठी जादा ड्रायव्हर घेताना तुम्ही एक पासवर्ड दिलेला असतो, तो इथे लागतो. 'एनरोल मॉक' निवडा, पुढे जा, पासवर्ड टाका. घाईत नुसतं पुढे गेलात तर वायफाय चालत नाही.

एका ताईंचा फोन होता. लिनक्स टाकलं, जुन्या फाइली उघडल्या, तर मराठीच्या जागी नुसती इंग्रजी खरडपट्टी दिसतेय. त्यांना वाटलं हिशोब गेला. गेलेला नाही. जुन्या मशीनवर आपण युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाईप करायचो, तो फॉन्ट नव्या मशीनवर नाही, म्हणून अक्षरं ओळखू येत नाहीत. फाइल जपून ठेवा, जुना फॉन्ट मिळवून बसवा किंवा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या. यापुढे मात्र युनिकोडमध्येच टाईप करा.

आणखी एकीनं विचारलंय, मिंटमध्ये टाइमशिफ्ट आहे, ते चालू केलं की हिशोबाची प्रत आपोआप राहते ना? नाही. टाइमशिफ्ट लिनक्स जसं होतं तसं परत आणतं, पण आपल्या होममधल्या फाइली ते एरवी धरत नाही. त्या आपणच उतरवायच्या. आमच्याकडे दर सोमवारी बैठक संपली की दोन पेन ड्राइव्हवर उतरवतो. एक सचिव ताईंकडे, एक अध्यक्षांकडे. लिनक्सचा पेन ड्राइव्ह तिसरा, त्यावर लाल दोरा बांधलाय, म्हणजे कुणी त्यावर गाणी भरणार नाही. यूपीएस घेतलाय, संघाच्या खर्चातून. आणि कागदी वही आता महिन्याच्या महिन्याला भरतो.

पुढच्या भागात प्रिंटरचं बघू. तुमच्या पडद्यावर काही अक्षरं अडली असतील तर फोटो काढून रेडिओच्या नंबरवर पाठवा. मशीन कुठलं आणि कुठल्या पायरीवर थांबलं, तेवढं सोबत लिहा.